नव्या पात्याची मस्ती

बाबा, आज सकाळी मी काकांची दाढी केली, आणि तीही कोऱ्या करकरीत पात्याने. तुम्ही असतात तर माझ्या हातातून रेझर काढून घेतला असतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच सगळं नीट सांगतो. आज तुमच्या नातीचा साखरपुडा आहे. पाहुणे अकराला यायचे आहेत, मांडवात खुर्च्या लागल्यात, आणि मला तासभर कोणी काही काम सांगितलेलं नाही.

काका आता थकलेत. हृदयाच्या दुखण्यापासून त्यांना रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपूर्वी दाढी करताना त्यांच्याच हातून कानाखाली जराशी चीर पडली आणि पाऊण तास रक्त थांबेना. तेव्हापासून तुमच्या सुनेने घरातली पाती कुलपात घातली आणि बॅटरीचं मशीन आणलं. काकांनी ते एकदाच फिरवून घेतलं, हनुवटीवरून उलटा हात फिरवला आणि म्हणाले, "हेच्यान खुटां रवतत. माका दाढी होयी, भादरणी नको." नंतर वाढलेल्या दाढीने ते ओटीवर यायचेच बंद झाले. तुम्हाला तुमचा भाऊ ठाऊक आहे. बांद्याच्या बाजाराला सोडा, पाणंदीतून चार पावलं जायचं तरी गाल गुळगुळीत हवेत. साखरपुड्याची तारीख ठरली तेव्हा त्यांनी सरळ सांगून टाकलं, "रे झिला, ह्या तोंडान मी व्याह्यांसमोर बसूचंय नाय. तुमी करा साखरपुडो, मी आत खोलयेत रवतंय."

ज्या माणसाने स्वतः लग्न न करता माझ्या मुलीला अंगाखांद्यावर वाढवलं, तो तिच्या साखरपुड्याला आतल्या खोलीत बसणार? मी म्हटलं, बसू देणार नाही. काकांची दाढी पात्यानेच होईल, आणि रक्ताचा थेंब येणार नाही. ही म्हणाली, "आणि इलो तर? त्यादिवशी तुमी पावण्यांका बगतल्यात की डॉक्टराक?" तिचं काही चुकलं नव्हतं. पण मी हट्टाला पेटलो होतो, आणि हट्टात मी तुमच्यावर गेलोय असं सगळेच म्हणतात.

तुमची पद्धत मला पाठ होती. रेडीच्या बंदरावर खनिज भरायच्या कामावरून तुम्ही सायकलने आरोंद्याला घरी यायचात तेव्हा दाढीच्या खुंटात लाल धूळ भरलेली असायची. विहिरीवर साबण लावलात की फेस लालसर व्हायचा, आणि लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज कापून घेतात. नवीन पातं उघडलं की पहिल्या दोन दाढ्या तुमच्या. तिसऱ्या दिवशी तेच पातं त्याच्याच कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवायचात. मला मिसरूड फुटल्यापासून हाच नेम. मी एकदा नवं पातं मागितलं तर म्हणालात, "नव्या पात्याची मस्ती जिरांदे आधी." झालं, विषय संपला. माझ्या मनात मात्र तो संपला नव्हता. कोरं ते तुम्हाला आणि उष्टं ते मला, एवढंच मला त्यातून कळलं होतं.

आता तो नेम चालणार नव्हता. एकाच्या गालावरचं पातं दुसऱ्याला लावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि ते खरंच आहे. म्हणजे काकांना नवंच पातं लावायचं, पण त्याची मस्ती कोणाच्याही गालावर न जिरवता. मी बांद्याहून तीन तऱ्हेची पाती आणली आणि आठवडाभर स्वतःच्या तोंडावर परीक्षा घेतली. डाव्या गालावर एक पातं, उजव्यावर दुसरं, ओठ-हनुवटीला तिसरं. गरम पाण्याचा पंचा, ब्रश, भरपूर फेस, रेझर आपल्याच वजनाने खाली येऊ द्यायचा, सगळं तुमच्यासारखं. तरी पहिल्या दिवशी तिन्ही पाती चावली. एक तर इतकं धारदार की वरच्या ओठाशी कधी लागलं ते कळलंसुद्धा नाही, फेस गुलाबी झाल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी तीच पाती लोण्यातून जावीत तशी गेली, आणि सहाव्या दिवशी ओढायला लागली. दाढीनंतर तुरटी फिरवली की किती सोललं ते ती लगेच सांगते. डोळ्यांना दिसत नाही ते तुरटीला कळतं. पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

बुधवारी मला तसंच तोंडाला तुरटी लावून बसलेलं काकांनी पाहिलं आणि हसायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "बूच खंय तुजा?" मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. आजोबांची कातडी शेवटी शेवटी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, तेव्हा तुम्ही काजूच्या फेणीच्या बाटलीचं बूच दाढीच्या डब्यात ठेवलं होतंत. नवं पातं त्या बुचात दोन्ही धारांनी अलगद एकेकदा ओढायचं, धुवायचं, आणि मग आजोबांच्या गालाला लावायचं. "पयली दाढी बुचाची," असं तुम्ही म्हणायचात म्हणे.

"मगे ता बूच गेला खंय?" मी विचारलं.

"तुज्या आवशीन फेकून दिल्यान. तिका वाटला, घोव चोरून फेणी पिता! तुजो बापूस कदी थेंब चाखूक नाय, पण बायलेवांगडा वाद घालूचो नाय." काका पुढे म्हणाले, "मगे तू दाढी करूक लागलंस. मी म्हटलंय, नवीन बूच हाडतंय. तर तो म्हणालो, परत घरात तमाशो नको. बूच नाय तर नाय, मी आसंय मां. पयल्या दोन दाढ्यो मी खातंय, झिलाक मऊ झालेला गावांदे."

बाबा, मी तिथून उठून मागच्या पडवीत गेलो. भरपूर रडलो, खोटं कशाला सांगू. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि तोंडाला तुरटी.

मग तोंड धुतलं आणि शेजाऱ्यांकडून फेणीच्या जुन्या बाटलीचं बूच मागून आणलं. आता बाटल्यांना फिरकीची झाकणं असतात, त्यामुळे त्यांना ते माळ्यावर शोधावं लागलं. बूच उकळत्या पाण्यात टाकलं. गुरुवारी डावा गाल नुसत्या नव्या पात्याने, उजवा बुचातून काढलेल्या नव्या पात्याने. डावीकडे तुरटी चरचरली, उजवीकडे गप्प बसली. शुक्रवारी पुन्हा तेच करून पाहिलं, शनिवारी परत. तिन्ही दिवशी उजवा गाल जिंकला.

आज सकाळी काकांना पडवीत उजेडाकडे तोंड करून बसवलं. ही तुरटी, कापूस आणि डॉक्टरांचा नंबर घेऊन दारात उभी. मी काकांची कातडी दोन बोटांनी ताणून धरली आणि केसांच्या कलाने, फक्त एकदाच फिरवायचं ठरवून, रेझर खाली आणला. कानाखालच्या त्या जुन्या चिरीशी आल्यावर माझा हात थांबला. काका डोळे मिटूनच म्हणाले, "चलांदे रे, तुज्या बापाशीचोच हात हा." थेंब आला नाही. तुरटी फिरवली तरी काकांनी भुवईसुद्धा हलवली नाही. आत्ता ते ओटीवर मधल्या खुर्चीत बसलेत, येणाऱ्याजाणाऱ्याला गाल दाखवतायत. ही माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हाताऱ्याचा तोंड लख्ख, आणि चेडवाच्या बापाशीचा बगा, मांजरान ओरबाडल्यासारखा." माझ्या हनुवटीवर तीन चिरा आहेत.

त्या बघून मुलाखतीचा दिवस आठवला. मी बावीस वर्षांचा आहे, बांद्याच्या शाळेत लेखनिकाची जागा आहे, आणि समोरचे गृहस्थ म्हणतायत, आधी ते रक्त पुसा. माझ्या शर्टाच्या कॉलरवर डाग आहे. जागा मिळत नाही. घरी येऊन मी तुमच्यासमोर रेझर आपटतो आणि आईदेखत ओरडतो की तुमच्या उष्ट्या पात्याने माझा घात केला. तुम्ही रेझर उचलून डब्यात ठेवता. दुसऱ्या दिवशी पात्यांचं अख्खं पाकीट माझ्यासमोर ठेवता आणि म्हणता, "बरां, आजपासून तुजा येगळा." त्यानंतर कागदात गुंडाळलेलं पातं मला कधीच मिळालं नाही.

पाहुण्यांची गाडी पाणंदीत वळलेली दिसतेय. हा कागद मी तुमच्या दाढीच्या डब्यात, बुचाखाली ठेवतोय. बाबा, त्या दिवशी मी तुमचं पातं वापरलंच नव्हतं. आदल्या दिवशी बाजारातून तुमच्या नकळत एक नवीन आणलं होतं.