दोरीवरची चड्डी

६ एप्रिल
माझी चड्डी गेली! बाकीचे कपडे जागच्या जागी. वारा म्हणावा, तर चिमटे दोरीलाच. पांढरी, सुती, जुनी. मजुरांची दोरी एकच, म्हणून आईने कमरेच्या पट्ट्यावर लाल नायलॉनच्या दोऱ्याने फुली काढून दिली होती. असली चड्डी कोण चोरतं?

९ एप्रिल
थिबो मालक मातीचं ढेकूळ हुंगतात, मग जिभेला लावतात. म्हणतात, वाइनमध्ये बुडबुडे तर कुणीही आणेल, चव इथनं येते. म्हणून तणनाशक नाही, ट्रॅक्टर नाही. द्राक्षवेलींच्या ओळी मी कुदळीने खणायच्या. खाली पांढरा, खडूसारखा दगड, पाठ मोडते. गावात वाटतं फ्रान्समध्ये सगळं यंत्रं करतात — हं!
त्यांच्या बहिणीचा, ओडीलबाईंचा मळा वाटेपलीकडे. औषध मारून साफ. नुकत्याच केलेल्या दाढीसारखा.

१० एप्रिल
ओडीलबाई मला बघून हसल्या. नजर माझ्या कमरेवर. काहीतरी शिजतंय.

३ मे
तळघरात वाइनच्या बाटल्या फिरवत होतो, गाळ तोंडाशी यावा म्हणून. वर जिन्यात भाऊ-बहीण. ओडीलबाई सांगत होत्या — जूनमध्ये निकाल बघू, हरलास तर तुझ्याही मळ्यात औषध, आणि तो खणणारा पोरगा जाईल त्याच्या गावी.
मालक म्हणाले, "चालेल. पण आंसेल्मोला कळता कामा नये."
माझी नोकरी पणाला, आणि मलाच कळायचं नाही! कसला निकाल? हातातली बाटली दोनदा फिरवली बहुतेक.

१९ मे
मालक माझ्या ओळीत फावडं घेऊन उभे. मला बघितलं नि फावडं पाठीमागे. पायाशी एक काठी रोवलेली, नवी. विचारलं तर म्हणे, माती बघत होतो. माती तर रोज चारचौघांत चाखतात, आज लपवायचं काय? मला काढायला काही पुरावा पुरून ठेवलाय का?

६ जून
आमच्या गावचा जोआकिम लक्झेंबर्गला बांधकामावर आहे. ये म्हणतो. बॅग भरली. यांनी हाकलण्याआधी आपणच निघालेलं बरं.

७ जून
बसला निघालो तर मालकांनी मळ्यातून हाक मारली. ओडीलबाईही होत्या. त्यांच्या मळ्यातून एक चड्डी उकरून काढलेली — मालकांची. अख्खी! धुऊन घालावी अशी. मग माझ्या ओळीतली काठी उपटली, खणलं. निघालं नुसतं इलॅस्टिक. त्यावर लाल फुली. कापड सगळं मातीने खाल्लेलं.
मालक म्हणाले, "एप्रिलमध्येच दोन्ही मळ्यांत एकेक सुती चड्डी पुरली, कुठली माती जिवंत ते बघायला. मेलेली माती काही खात नाही बाबा. तुला सांगितलं असतं, तर रोज उकरून बघत बसला असतास."
ते खरंय.
ओडीलबाई आपल्या मळ्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सोमवारी कुदळ घेऊन माझ्याकडे ये."
बॅग रिकामी केली. फुली खिशात आहे.