पाणी द्यायला वळलीस तेव्हा

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली. तरी आज ड्युटीवरून आलो, बूट काढले आणि कागद घेऊन बसलो. पोराची बायको दोनदा चहा विचारून गेली. तिला म्हटलं, रिपोर्ट लिहून राह्यलो. आमच्या खात्यात एक नवीन काम निघालंय. डोक्याचा त्रास असलेला माणूस बिथरला, तर पोलिसानं त्याच्याशी कसं वागायचं, हे शिपायांना शिकवायचं. जिल्ह्यातल्या ठाण्याठाण्यांतून तीस-तीस जणांची तुकडी वर्ध्याला येते. सकाळी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातून एक डॉक्टरीणबाई येऊन आजार समजावून सांगते, आणि दुपारी शिकवतो मी. हो, मीच! ऐकून तू हसली असतीस की तोंड फिरवून आत गेली असतीस, मला खरंच सांगता येत नाही.

शिकवायचं फार नसतं. टोपी काढा, काठी गाडीतच ठेवा. एकानंच बोला, बाकीच्यांनी गप्प राहा. आपलं नाव सांगा. समोरचा बसलेला असेल तर तुम्हीही बसा. घरी नेतो असं सांगून दवाखान्यात नेऊ नका. आणि मागून जाऊ नका. जेवणानंतरची वेळ, पोरं जांभया देतात. परवा एकानं विचारलंच, “आन त्यानं इळा हानला तं साहेब?” मी म्हटलं, “तं दोन पावलं मागं सरक ना लेका, तुले का मेडल पाह्यजे?” सगळे हसले. हसवता येतं मला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसरं काही आलं नाही तरी ते आलं.

आज मात्र हसवणं जमलं नाही. दुपारी नाटकासारखा सराव असतो. एका वयस्कर हवालदाराला बिथरलेला माणूस केलं, हातात लाकडी दांडकं देऊन कोपऱ्यात बसवलं. हिंगणघाटकडचा एक शिपाई त्याच्यासमोर मांडी घालून बसला. काय गोड बोलला पोरगा! आवाज चढवला नाही, घाई केली नाही. मला बरं वाटत होतं. मग तो म्हणाला, “काका, चाय घेता का? गरम आहे.” हवालदारानं दांडकं खाली ठेवलं आणि कपासाठी हात पुढे केला, तेवढ्यात दुसऱ्या शिपायानं मागून उडी घालून त्याचे दोन्ही हात आवळले. चहा सांडला. अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मी असा ओरडलो की बाजूच्या खोलीतून डॉक्टरीणबाई धावत आली. “काऊन पकडलं? काऊन पकडलं त्याले? ठेवलं होतं ना त्यानं खाली!” तो पोरगा घाबरून म्हणाला, “साहेब, खाली ठेवलं म्हनूनच तं पकडलं.” आणि माय, त्याचं काय चुकलं? आम्हालाही हेच शिकवलं होतं. हात रिकामा झाला की झडप घालायची. आजपर्यंत कितीजण असे पकडले, आणि प्रत्येक वेळी वरच्यांनी शाबासकीच दिली.

तिथंही ती दुपार तुला आठवत असेल, तर त्या देवाचा काही उपयोग नाही. मला आठवते. चैत्र आहे, वडनेरच्या पुढे रस्त्यावर डांबर पाघळलंय. मला नोकरीला लागून दोन वर्षंही झालेली नाहीत. भावानं ठाण्यात फोन केलाय की माय तीन दिवसांपासून रांधणीच्या खोलीत बसलीय, हातात विळा घेऊन, कुणाला आत येऊ देत नाही, वहिनी जेवणात काहीतरी कालवते म्हणते. ठाणेदार साहेब म्हणाले, “तुझंच घर आहे, तूच जा. अन् वर्दीतच जा, वर्दीले माणूस दबते.” सोबत एक जुना हवालदार दिला. मी दारात उभा आहे. तू चुलीजवळ भिंतीला टेकून बसलीयेस, केस सुटलेले, विळ्याची मूठ घट्ट धरलेली. बाहेर अर्धं गाव जमलंय. मला वाटतं तू मला ओळखणार नाहीस. आणि तू वर बघतेस आणि लगेच ओळखतेस.

“आला का बाबू? उन्हाचा काऊन आला रे? पाह्य कसा सुकला. बैस, पानी देतो तुले.”

तीन दिवसांत कुणाच्या हातचं घोटभर न घेतलेली तू, विळा चुलीच्या ओट्यावर ठेवतेस, गिलास घेतेस आणि माझ्याकडे पाठ करून रांजणावर वाकतेस. माझ्या मागे हवालदार हळूच म्हणतो, “हं.” एवढंच. मला पाणी पिता आलं असतं, माय. बसून, गिलासभर पाणी पिऊन, काय झालं गं असं विचारता आलं असतं. तू मला घरात घेतलं होतंस. मी झडप घातली. शिकवलं तसाच तुझा उजवा हात मागे पिरगाळला, आणि मनगटात कट्‌ झालेलं मला हातातूनच कळलं. तू ओरडली नाहीस. तुला वाटलं, मीच तुला ओळखलं नाही. “मी आहो ना बाबू,” तू म्हणालीस, “अरे, मी आहो ना.” नागपूरला दवाखान्यात नेईपर्यंत जीपमध्ये तू तेच म्हणत होतीस. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कोणासही इजा नाही.

औषधांनी तुला गुण आला. घरी आलीस, भावाच्या पोरांना खेळवलंस, वहिनीच्या हातचं जेवलीस. मनगट वाकडं बसलं, भाकर थापता येईना, पण त्याचं कधी बोलली नाहीस. फक्त मी आलो की उठून भिंतीला पाठ लावून बसायचीस. मी जाईपर्यंत. शेवटची सात वर्षं तुझी पाठ मी पाहिली नाही. माफी मागायची म्हणून किती वेळा ओसरीत घुटमळलो! पण मागायची तर काय केलं ते तोंडानं म्हणावं लागलं असतं, आणि पोलिसाचं तोंड दुसऱ्याकडून कबूल करून घ्यायला तयार झालेलं असतं, स्वतः कबुली द्यायला नाही. तू गेलीस तेव्हाही मी बंदोबस्तावर होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज ओरडून झाल्यावर पोरांना परत जागेवर बसवलं. मग मी सगळं सांगितलं. चूल, विळा, रांजण, मनगट. हिंगणघाटकडची एक बाई होती म्हटलं, आणि एक नवखा शिपाई. उडी मारणारा पोरगा खाली मान घालून बसला होता. मी म्हटलं, तिनं विळा ठेवला ना, तिथं काम संपलं नव्हतं, सुरू झालं होतं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. यापुढे त्यांच्यातला एक जरी पाणी पिऊन थांबला, तरी पुरे.

सुटी झाल्यावर खुर्च्या लावत होतो, तर एक शिपाई पोरगी मागे थांबलेली. विशीतली असेल, वर्दी अजून कडक. डोळे ओले होते तिचे. म्हणाली, “साहेब, त्या बाईचं कोनीच नव्हतं का? पोरगं-गिरगं?”

मी म्हणालो, “नव्हतं.”

हा कागद टाकायचा कुठे, हा प्रश्नच नाही. पण तुला सांगायचं ते एवढंच राहिलं होतं. ती विचारत होती आणि तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं, माय, इतक्या चटकन मी ‘नव्हतं’ म्हणालो.