हार नसलेलं मशीन

खंडेनवमी, संध्याकाळ

ऑफिसात कॉम्प्युटरांची पूजा झाली. माझ्या मशीनला झेंडूचा हार, म्हणून आज ते सुरू करायचं नव्हतं. जोशीसर रजेवर, त्यांच्या मशीनला हार नव्हता. तिथे बसून मी टेस्टचा, म्हणजे चाचणीपुरत्या खोट्या नोंदींचा, डेटाबेस पुसला. टेस्टचाच, असं धरून चालले. निघताना मशीन कुठे जोडलंय ते सांगणारी कनेक्शनची फाइल उघडली, तर पत्ता आम्ही ज्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो त्या हॉस्पिटलच्या खऱ्या डेटाबेसचा. उद्याच्या डायलिसिसची सगळी यादी गेली. आधी का नाही उघडली मी ती फाइल? बसमध्ये सरांचा फोन आला, "माझ्या मशीनवर काम केलंत म्हणे. फाइल बघूनच केलं असेल ना आपण?"

मी "हो" म्हणाले.

सकाळी सातला पहिला पेशंट येईल. यादीची कालची प्रत फक्त सरांकडे आहे, आणि त्यांनाच मी "हो" म्हणून बसलेय.