ठरलेल्या किमतीत

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आई तुझ्या गुडघ्याची चौकशी रोज माझ्याकडे करते, जणू तो मीच घेऊन फिरते. वहिनीला स्वेटर बसला का, कळव.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं काम मला मिळालं. जमिनीखाली काहीही निघो, ठरलेल्या किमतीत पाया पूर्ण करायचा, जास्तीचं मागायचं नाही, असं लिहून दिलंय. हो, याच वाक्यावरून तू माझ्याशी भांडून आपला धंदा सोडलास. "जमिनीच्या पोटातलं कोणी सांगावं? तो खर्च वेगळाच लिहायचा," हे तुझं पालुपद. लगेच नाक मुरडू नकोस, पुढे वाच.

काल पुढच्या भिंतीचा चर खणताना पहार आत गेली ती गेलीच. माती बाजूला केली, तर खाली विहीर! दादा, काय सांगू तुला. गोल, घडीव दगडांची, कुठे चुना नाही, तरी एक दगड हललेला नाही. तळाशी नितळ पाणी, त्यात वाकून बघणाऱ्या आम्हा सगळ्यांची तोंडं दिसत होती. गवंडीमामांनी टोपी काढून विहिरीला हात जोडले. हे बांधणाऱ्याला कोणी काय किंमत ठरवून दिली असेल? आणि त्या किमतीत एवढी माया कशी बसली असेल?

बाई आल्या. काठावर बसून आत डोकावल्या. मग म्हणाल्या, "बुजवू नका हो. पण माझ्याकडे वाढीव द्यायला काही नाही."

"मागणार नाही," मी म्हटलं.

बुजवणं सोपं आहे. भराव टाकला की माझी सुटका. पण हात धजत नाही. वरून दगडी कमान टाकली, तर भिंत तिच्यावर उभी राहील आणि पाणीही जिवंत राहील. खणताना दगड भरपूर निघालेत. कमान मात्र बाबांनी जाण्याआधी फक्त तुला शिकवली. सोमवारपर्यंत काम थांबवलंय. त्यापुढे भराव टाकावाच लागेल.

जमिनीबद्दल तुझंच खरं होतं. घे, झालं समाधान?

आता एक राहिलं. किंमत काढताना मी याही वेळी आपल्या दोघांची मजुरी धरली. तू गेल्यापासून प्रत्येक कामात धरते. त्यापायी कामं हातची जातात, आई ओरडते, तरी तुझा आकडा काढवत नाही.

तेव्हा येण्याचं वेगळं काही मागू नकोस. तू ठरलेल्या किमतीत आहेसच.

चराच्या काठावर वाट बघणारी,
तुझी धाकटी