वर्षाला पंधरा दिवस

४ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. पंपघरात तिघे रजेवर आहेत, मी दोन-दोन पाळ्या ओढतोय. घरी येतो तेव्हा बूट काढायचंही जिवावर येतं.

आईची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. जीभ मात्र तल्लख! काल व्यायाम घ्यायला आलेल्या बाईंना तिने अख्खा इतिहास ऐकवला. सव्वातीनशे वर्षांपूर्वी इथल्या व्यापाऱ्यांनी राजाकडून सनद कशी मिळवली, दोनदा वेढा पडूनही वेस कशी उघडली नाही, आणि जिथे कायदाही आपला आणि न्यायाधीशही आपला, ते एवढंसं शहरसुद्धा देशच कसं. बाई व्यायाम विसरून ऐकत बसल्या.

आईजवळ येऊन राहण्याचा तुझा अर्ज नामंजूर झाला. बाहेर लग्न केलेल्या मुलीला वर्षाला पंधराच दिवस, ते तुझे जानेवारीतच संपले. आजारपणाची सवलत नाही, असं परवाना कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं. रविवारी मतदान आहे. शेजारच्या, म्हणजे तुझ्या देशात विलीन झालो तर परवाना नको नि काही नको. मत कुठे देऊ, तूच सांग.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

ते माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. मला आईजवळ यायचंय, एवढंच मला कळतं. पण इथे गल्लीतली जलवाहिनी फुटली तर अर्ज राजधानीला जातो आणि आम्ही महिनाभर बादल्या वाहतो. तिथे लोक तुझ्या नावाने हाका मारतात आणि तू सायकलवर पान्हा घेऊन हजर! हेही मी विसरलेले नाही.

जेवण वेळेवर घे. आईचे केस विंचरताना गुंता खालून सोडव, ओढू नकोस.

तुझी,
ताई

१३ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

दोनशे अकरा मतांनी शहर स्वतंत्र राहिलं. त्यातलं एक मत माझं आहे. तुझ्यापासून लपवणार नाही. मनात तू होतीस, तरी हात तिकडेच गेला. आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. तिनेही तेच मत दिलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला परवाना कचेरीत न्यायला लावलं आणि बाहेर कायमचं राहायला जाणाऱ्याला भरावा लागतो तो नागरिकत्व सोडण्याचा अर्ज मागितला. मी भर कचेरीत तिच्यावर चिडलो. शहर वाचवायला कालच मत दिलंस ना, म्हणालो. ती शांतपणे म्हणाली की शहर राहायलाच हवं, पण तिला आता लेकीकडे राहायचंय, आणि या दोन गोष्टींत तिला काही भांडण दिसत नाही. डाव्या हाताने सही करायला तिला फार वेळ लागला. कारकून उठून उभा राहिला होता.

शनिवारी सकाळी दहाला वेशीबाहेरच्या पुलाच्या तुमच्या टोकाला गाडी आण. पायरी कमी उंचीची हवी, तिचा उजवा पाय उचलत नाही. तिचे कपडे, औषधं भरून झाली. घर इतकं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी वेशीपर्यंतच येईन, पुलावरून खुर्ची व्यायामाच्या बाई आणतील. बाराला माझी पाळी आहे.

माया असू दे.
धाकटा