चूल शहापुरात, बंदूक खानापुरात

५ सप्टेंबर १९३६, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. अगदी खाजगी. बायकोच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या, हाती लागली तरी तिला वाचता येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

कणकुंबीचे ज्योतिबामामा जाऊन महिना झाला. त्यांना मूलबाळ नाही. भाचे दोघेच, मी आणि मावसभाऊ भरमू. भरमू मामांची शेती करतोच, ती त्याला लखलाभ. मला फक्त मामांची ठासणीची बंदूक हवी. भरमू म्हणाला, न्ह्या की, मला काय करायची हाय? त्याला किंमत कळत नाही.

बंदूक सध्या खानापूरच्या पोलीस ठाण्यात जमा आहे. ३१ डिसेंबरच्या आत परवाना दाखवून सोडवायची, नाहीतर ती सरकारजमा होणार. चार महिने आहेत. मला चार दिवस पुरतील. एकवीस वर्षं मारुतीराव वकिलांकडे कारकुनी केली ती उगाच नाही.

६ सप्टेंबर

दुर्गाबाईला बातमी दिली. मला वाटलं होतं, नवऱ्याच्या हातात बंदूक येणार म्हटल्यावर बाईमाणूस हरखून जाईल. ती म्हणाली, माघातल्या लग्नांची बारा लुगडी द्यायची हायत, कांड्या भरायला मानूस न्हाय, आदी त्या भरा.

आमच्या वडिलांनी नंदगड सोडलं, बेळगावात येऊन या घरात खड्डा खणला आणि माग बसवला. आता तो दुर्गाबाई चालवते. मी संध्याकाळी बसून तिला कांड्यांवर सूत भरून देतो. केवळ मदत म्हणून. तो काही माझा धंदा नव्हे.

१० सप्टेंबर

कलेक्टरसाहेबांकडे अर्ज. इंग्रजीत, सात पानं. ‘हत्यार कशासाठी’ या रकान्यात ‘सेल्फ डिफेन्स’ असं ठळक लिहिलं. वकीलसाहेबांनी अर्ज वाचला आणि बराच वेळ हसत होते. माझ्या इंग्रजीबद्दल त्यांच्या मनात पहिल्यापासून थोडा हेवा आहे.

२९ सप्टेंबर, दुपारी

फौजदार चौकशीला आले. मी कोट घालून दारात उभा. पण त्यांनी मला सोडून शेजारच्या मालुबाईला विचारलं, ह्यांना कुणाची भीती आहे का? मालुबाई म्हणाली, पालीची लई हाय.

फौजदारांनी ते लिहून घेतलं.

१४ ऑक्टोबर

अर्ज नामंजूर. कारणं अशी: अर्जदार शहरात राहतो, त्याला शेत नाही, त्याच्याकडे जोखमीचा ऐवज नाही, आणि त्याला एकही शत्रू असल्याचं चौकशीत आढळलं नाही.

वकिलाच्या कचेरीत एकवीस वर्षं घालवून एकही शत्रू नाही! आणि हे सरकारने लेखी दिलं. वकीलसाहेब म्हणाले, कागद जपून ठेव, असा दाखला सहसा कुणाला मिळत नाही. संतापाने दुपारचा चहा घेतला नाही.

निश्चय: ज्या राज्यात माणसाची अशी किंमत, त्या राज्यात राहायचं नाही. इंग्रजी हद्द सोडायची.

१८ ऑक्टोबर, दुपारी ३

कचेरीत काम कमी. निरनिराळ्या राज्यांतल्या बंदुकीच्या कायद्यांचा अभ्यास पूर्ण केला. असा अभ्यास आजवर बेळगावात कुणी केला नसावा.

पोर्तुगीज हद्द कणकुंबीला लागूनच. भरमू सांगतो, तिकडं बंदुकीला कोण लई इचारत न्हाय. पण कायदा पोर्तुगीज भाषेत. ती शिकायला सहा महिने धरले तर मुदत संपते. शिवाय तिकडं बंदुकीइतकीच फेणीही सोपी, आणि या दोन वस्तू एका घरात नकोत असं दुर्गाबाईचं मत पडलं. कोल्हापूर संस्थान निपाणीच्या पलीकडे सुरू होतं. निपाणीच्या आत्याला पत्र घातलं होतं. तिचं उत्तर आलं, तिकडं वळख लागती. माझी ओळख नाही. तिथल्या लोकांचं दुर्दैव.

राहिलं शहापूर. हे आधी कसं सुचलं नाही? आमच्या दारापासून नाला दोनशे पावलं आणि नाल्यापलीकडे सगळं संस्थानी. राज्य वेगळं, कचेरी वेगळी, आमच्या फौजदाराला तिथं कोण पुसतो? म्हणजे इतकी वर्षं मी दर शनिवारी परमुलखातून वांगी आणत होतो.

२० ऑक्टोबर

शहापूरच्या संस्थानी कचेरीत जाऊन आलो. तिथले कारकून भावकू, पान खाऊन बसलेला सज्जन माणूस. बंदुकीचे छापील नियम मागितले. ते म्हणाले, छापल्यालं काय न्हाय. मग परवाना कुणाला देता? तर म्हणाले, चूल कुठं हाय तुमची? चूल हितं असंल तर तुमी हितलं मानूस. हितल्या मानसाला देतो की.

केवढा फरक! इंग्रजाचा कायदा विचारतो, तुला शत्रू किती? संस्थानी कायदा विचारतो, तुझी चूल कुठं? याला म्हणतात माणुसकी.

२२ ऑक्टोबर

दुर्गाबाईला समजावलं. दोनशे पावलांचा प्रश्न आहे, सामान चार फेऱ्यांत जाईल. ती म्हणाली, आनि माग? खड्डा काय पाटीत घालून न्यायचा व्हय? मी म्हणालो, तिथं नवीन खणू. ती म्हणाली, बगा जागा, मग बोला. पर सांगून ठेवते, माग जितं तितं मी.

संमती मिळाली.

१ नोव्हेंबर

जागा मिळाली! अक्काताई नावाच्या बाईंची माडी. हवा उत्तम. खिडकीतून नाला दिसतो, आमची गल्ली दिसते, आणि टाचा उंचावल्या तर आमचं कौलही दिसतं. शिकाऱ्याला उंचावरची जागा लागतेच. आजच ठरवून टाकली.

२ नोव्हेंबर

दुर्गाबाईला माडी दाखवली. ती जिना चढून आली. हवा पाहिली नाही, खिडकी पाहिली नाही. खाली पाहिलं. पायाने फळी दोनदा ठोकली आणि विचारलं, खड्डा कुठं?

मी म्हणालो, इथं खिडकीपाशी, उजेड चांगला आहे. ती म्हणाली, आनि मागावर बसल्यावर पाय कुठं सोडू? खाली अक्काताईच्या डोस्क्यावर?

आणि जिना उतरून घरी गेली.

माडीवर खड्डा खणता येत नाही हे मला ठाऊक होतंच. विणकराच्या घरात वाढलो आहे. तिच्या ध्यानात येतं का, एवढंच पाहायचं होतं.

५ नोव्हेंबर, सकाळी ९

वळकटी घेऊन माडीवर आलो. एकटाच. परवाना मिळेपर्यंतच. अक्काताईकडून चूल मांडून घेतली, हळदकुंकू वाहिलं. अर्ज दाखल. व्यवस्था अशी: झोप संस्थानात, जेवण ब्रिटिश इंडियात. दोन्ही सरकारांचा आब राहतो.

१९ नोव्हेंबर

घात झाला. भावकू भर बारा वाजता न सांगता चुलीच्या तपासणीला आले. मी त्या वेळी नाल्यापलीकडे दुर्गाबाईच्या हातची आमटी भुरकत होतो. चूल गार. आत मांजर निजलेलं. शेऱ्यात मांजराचाही उल्लेख केला आहे.

भावकू म्हणाले, ही चूल तुमची म्हनायची का मांजराची?

प्रतिज्ञा: परवाना हाती पडेपर्यंत घरची पायरी चढणार नाही. वकिलांकडे जातानाही आमच्या गल्लीतून न जाता लांबच्या रस्त्याने जाईन. स्वतः रांधीन. त्यात काय आहे?

२१ नोव्हेंबर

भाकरी केली. एक बाजू करपली, दुसरी कच्ची. मधला भाग चांगला होता.

२४ नोव्हेंबर

युक्ती सुचली. कायद्याला चूल पेटलेली हवी, स्वयंपाक झालाच पाहिजे असं कुठं लिहिलं आहे? काहीच लिहिलेलं नाही! ओल्या शेणी पेटवल्या. खिडकीतून धूर असा निघाला की साऱ्या शहापुराने पाहावा. अक्काताईंनीही पाहिला. माडी पेटली म्हणून त्यांनी दोन घागरी पाणी ओतलं. एक चुलीवर, एक माझ्यावर.

सर्दी. तरी धुराची बातमी कचेरीपर्यंत गेली, हा फायदाच.

२ डिसेंबर

मालुबाई निरोप घेऊन आली. दुर्गाबाई विचारते, कांड्यांचं काय करायचं? तिला एकटीला व्हईना झालंय. तीनच लुगडी उतरली हायत.

मी सांगितलं, राज्य बदलण्याचं काम मोठं असतं, थोडं सोसावं लागतं. मालुबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला मुद्दा पटला असावा.

९ डिसेंबर, रात्री

आज माझा वाढदिवस. दुर्गाबाईने मालुबाईबरोबर डबा पाठवला. भरली वांगी आणि पोळ्या. झाकण उघडतो तोच जिन्यावर भावकूंचा आवाज. आत आले, वास घेतला आणि म्हणाले, ह्या पोळ्या कुठल्या चुलीवरच्या?

पोटात कावळे ओरडत होते. तरी डब्याला झाकण लावलं आणि भावकूंच्या देखत मालुबाईच्या हातात परत दिला. म्हणालो, परक्या हद्दीतलं अन्न चालणार नाही. भावकूंनी मान डोलावली. केस मजबूत झाली.

संध्याकाळी कचेरीतून येताना मालुबाई रस्त्यात भेटली. म्हणाली, डबा परत आल्याला बगून ती मागावरनं उटली, आज पुन्यांदा बसलीच न्हाय. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पण मोठ्या कामात असं होतं. परवाना मिळाला की बंदूक खांद्यावर टाकून पहिल्यांदा तिच्याच दारात जाईन, मग तिला कळेल.

२३ डिसेंबर, सकाळी ११

मिळाला! परवाना मिळाला! शिक्का, सही, सगळं. ‘शहापूरचे कायम रहिवासी’ असं स्वच्छ अक्षरात. जिंकलो. उद्या खानापूर.

वकीलसाहेबांना दाखवला. पुन्हा हसले. हेवा.

२४ डिसेंबर

सकाळच्या गाडीने खानापूर. परवाना हवालदारापुढे ठेवला. त्याने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाला, ह्यो संस्थानी. बंदूक हाय इंग्रजी हद्दीत. न्ह्यायची असंल तर कलेक्टरसाहेबांचा पास आना. परमुलखातला मानूस तुमी.

मी, परमुलखातला! बापजाद्यांपासून या तालुक्यातला! मी कायद्याची कलमं सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, सांगून उपेग न्हाय, बंदूक गेली.

कुठं गेली?

भरमूने नेली, गेल्या आठवड्यात. त्याने अर्ज केला होता. हवालदाराने दाखवला. मराठीत, दोन ओळी. ‘रानडुकरं भात खाऊन ऱ्हायल्यात. बंदूक पाहिजे.’ चौकशीला गेलेल्या फौजदारांनी डुकरं स्वतः पाहिली. आठ दिवसांत परवाना.

भरमूने माझ्यासाठी निरोप ठेवला होता. तुमाला मिळंना म्हनून कळलं, सरकारात जायला नको म्हनून मी न्हेली. राग मानू नगासा. शिकारीला या, डुकरं उठवायला डबा वाजवणारी मानसं कमी पडत्यात.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली.

२६ डिसेंबर

विचार केला. मुळात बंदूक हा उद्देश नव्हताच. उद्देश होता निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांचा अभ्यास, आणि तो प्रत्यक्ष राहून पुरा झाला. आता इथं थांबण्यात अर्थ नाही. अक्काताईंना जागा सोडतो म्हणून सांगितलं. त्यांनी फार आग्रह करून थांबवलं नाही.

उद्या घरी. दुर्गाबाई आधी रागावेल, मग निवळेल. संध्याकाळी कांड्यांना बसेन म्हणजे झालं.

२७ डिसेंबर, दुपारी २

बारा वाजता वळकटी घेऊन घरी गेलो. आत दोन मागांचा आवाज. माझी खाट होती तिथं नवा खड्डा, नवा माग आणि त्यावर मालुबाईची बहीण जयाबाई. तिची मुलगी कोपऱ्यात कांड्या भरत होती. भराभर. माझ्यापेक्षा बरीच भराभर.

खाट कुठं आहे विचारलं. मालुबाईच्या पडवीत. दुर्गाबाई मागावरून उठली. रागावली नाही. म्हणाली, लुगडी वेळंत द्यायची हुती, हात कमी पडलं, काय करणार. मग तिने पाय धुवायला पाणी दिलं. बसायला पाट मांडला. तो पाट आमच्याकडे फक्त पाहुणे आले की निघतो.

मी बंदुकीचं सांगायला लागलो. ती म्हणाली, आदी जेवा. दोन भाकऱ्या झाल्यावर म्हणाली, आनि एक घ्या की. मी नको म्हणालो. अर्दी तरी घ्या, लाजू नगा, म्हणाली आणि वाढली. वीस वर्षांच्या संसारात तिने मला आग्रह केल्याचं आठवत नाही. घरच्या माणसाला कोण आग्रह करतं? डोळ्यांत पाणी आलं. आमटी तिखट होती.

हात धुवून झाल्यावर मी वळकटीकडे बघत उभा राहिलो. तिनेही बघितलं. मग तीच उचलून माझ्या हातात दिली, दारापर्यंत आली आणि पदर सावरून म्हणाली, येत जावा अदनंमदनं.