बसऱ्याच्या मोटारीचा कर

३ एप्रिल १९२६
आजपासून रोजनिशी. मी आजेसासूनं सांगायची, नातसुनेनं लिहायची. राही म्हसळ्याकडची, चौथी पास. तिच्या अक्षरांना गंज चढू नये. शिवाय घरात मोटार येतेय, आणि मोटारवाल्यांकडे रोजनिशी असते म्हणतात. वाचणार कुणी नाही. मला तर येतच नाही.

नातू हिरामण सहा वर्षं बसऱ्याला तेलकंपनीत ड्रायव्हर. विलायतेला परत निघालेल्या साहेबाची फोर्ड त्यानं स्वस्तात घेतली. ती आता मुंबईच्या गोदीत उतरलीय. धरमतर बंदर ते पेण उतारूंसाठी चालवायची. चालली तर हिरामण घरी राहील. नाही तर परत बसरा; कंपनीनं जागा दिवाळीपर्यंत धरलीय. राहीच्या लग्नाला चार वर्षं झाली, नवरा पाहिलाय दोन महिने. हे लिहू का, विचारते. लिही गं, खोटं आहे का?

६ एप्रिल
हिरामण मुंबईहून आला तो तोंड पाडून. कस्टमवाले मोटारीच्या किमतीवर शेकड्याला तीस मागतात. मग नंबराची फी. मग भाड्यानं चालवायचं लायसन. मोटारीला चाकं चार, सरकारला हात पाच.

त्याची सहा वर्षांची कमाई माझ्या पेटीत, चावी माझ्या कमरेला. त्यानं मागितली. मी दिली नाही. त्याला समजावलं, अरे, आपण मिठागरवाले. मीठ आगरात रास करून पडलंय तोवर त्याला कर लागतो का? कुंपणाबाहेर निघालं की लागतो. तशी मोटारही पडू दे सरकारच्या कुंपणात. साहेबाची जागा अडली की तो आपणच तिसाचा विसावर येईल. कस्टमचा साहेब म्हणजे मिठाचा शिपाईच, टोपी तेवढी मोठी.

हिरामण म्हणाला, गोदी वेगळी, आगर वेगळं. पोरगं सहा वर्षं वाळवंटात राहिलं, विसरलं सगळं.

२१ एप्रिल
गोदीतल्या दलालाचा निरोप. फुकट ठेवायचे दिवस संपले, आता रोज भाडं चढणार. दलाल तो दलालच. राशीला कुणी भाडं मागितलंय कधी? उलट रास जुनी झाली की भाव चढतो. निश्चय: पावसाळ्यापर्यंत चावी सोडायची नाही.

हिरामण परसात बसून राहिला. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

२८ मे
आगरातल्या राशी गवतानं शाकारून झाल्या. कस्टमच्या साहेबाला आंब्यांची करंडी नि सुके सोडे धाडले होते. करंडी परत आली. आंबे काळे पडलेले, वास घरभर. साहेबानं हातसुद्धा लावला नाही म्हणे. म्हणजे करंडी लहान पडली.

९ जुलै
सरकारी नोटीस आली. इंग्रजीत. राहीला इंग्रजी येत नाही, म्हणून मी ती चांगलीच असणार असं धरलं. हिरामणनं वाचली, घडी घालून खिशात टाकली. काय आहे विचारलं तर म्हणाला, माल उचला म्हणतात. बघा, अडला की नाही साहेब!

राही हल्ली सावकाश लिहिते. पाऊस चार दिवस थांबलेला नाही.

२५ ऑगस्ट
हिरामणनं माळ्यावरची ट्रंक काढली. कशाला रे? तर बुरशी. कपड्यांना ऊन दाखवलं, ठीक. पण मग घड्या करून ट्रंकेतच भरले. ट्रंक खाटेखाली आहे, माळ्यावर नाही.

२० सप्टेंबर
चावी दिली होती. माझ्या खुशीनं, या खेपेला कुणी मागितली नव्हती. हिरामण पैसे घेऊन गोदीत गेला आणि आज तसेच पैसे घेऊन परत आला.

ओटीवर बसून म्हणाला, "आजे, कर नि भाडं मिळून मोटारीच्या किमतीच्या वर गेलं. आता ती सोडवण्यात अर्थ न्हाय."

मी म्हटलं, "मग पडू दे आणखी."

"पडू देत न्हाईत. लिलाव हाय."

राहीच्या हातून दौत लवंडली. नवी शाई आणायला कुणी गेलं नाही, म्हणून हे दोन दिवसांनी लिहून होतंय.

३१ ऑक्टोबर
हिरामण गेला. धरमतरहून लाँच, पुढे बसऱ्याची आगबोट. पाया पडला. पैसे पेटीतच ठेवून गेला, चावीकडे पाहिलंही नाही. राही बंदरावर आली नाही, तिला भाकऱ्या थापायच्या होत्या. परत आले तेव्हा परात कोरडी होती.

मी बंदरावर म्हटलं होतं, वर्षात येशील. तो म्हणाला, "तीन वर्षांचा करार केलाय, आजे." तिथली माणसं करार मोडतात, मी ऐकलंय.

६ मार्च १९२७
राही संक्रांतीला माहेरी गेली. येते म्हणाली नाही, जाते म्हणाली. आज पेणेत, दाणेवाल्याच्या दुकानी बसून त्याच्या कारकुनाकडून लिहून घेतेय. त्याचं नाव चंदर.

बातमी अशी की सरकारनं मोटारीवरचा कर उतरवला. तिसाचा वीस. बरोबर वीस! मी गेल्या चैत्रातच सांगितलं होतं. काल बंदरावर ऐकलं नि धावत घरी सांगायला गेले. घरात सांगायला कुणी नव्हतं.

चंदर ओळीमागे पैसा घेतो. न लिहिता नुसती वही इथं ठेवली तर भाडं लागतं का, ते आधी विचारून घेतलं. नाही म्हणाला. मग थांबते.